हंपता पासवरचा पिवळा-हिरवा नकाशा: हे दगडफूल का?

माळढोक | 14 जुलै 2025, रात्री 10:40

मंडळी, सोलापुरातला माणूस डोंगरात गेला की आधी गार वाऱ्यानेच खुळा होतो. मी मात्र एका दगडापाशी अडकलो.

मागच्या आठवड्यात हिमाचलातला हंपता पास (4270 मीटर) करून आलो. बालू का घेराच्या मुक्कामाला पोचेपर्यंत पायांचे तुकडे पडले होते. एका मोठ्या धोंड्याला टेकून बसलो आणि मान वळवली तर खडकावर नकाशा! लिंबाच्या सालीसारखा पिवळट हिरवा रंग, प्रत्येक तुकड्याला काळी बारीक किनार. शाळेत भूगोलाच्या वहीत तालुके रंगवायचो, अगदी तसं. हात फिरवला तर नुसता दगड लागतो. नख लावलं, निघत नाही. गाइडला विचारलं, तो म्हणाला, "पत्थर का फूल."

घरी आल्यावर आईला फोटो दाखवला. ती म्हणते, "हे कसलं दगडफूल? आपलं मसाल्यातलं काळं-करडं, चुरगळलेल्या कागदासारखं असतं. ह्याला तर दगडातून सोडवायचं तरी कसं?"

फोटो 1 हा नकाशा. फोटो 2 मध्ये शेजारच्या दगडावर गंजलेल्या पत्र्याच्या रंगाची खपली आहे. ती आख्ख्या वाटेत मला एकाच दगडावर दिसली. दुर्मीळ असेल का?

आणि आता शिव्या खायची तयारी ठेवून सांगतो. फोटो 1 मधल्या खडकाचा नखाएवढा टवका चाकूने काढून कागदात बांधून आणलाय.

का_बे | 14 जुलै, रात्री 10:58

काय बे, तीन हजार किलोमीटर जाऊन येऊन दगडच बघितलास? इथं आपल्या माळावर काय कमी हायत का?

मिरी_लवंग | 14 जुलै, रात्री 11:15

मसाल्याच्या दुकानात बसून वीस वर्षं झाली, म्हणून अधिकाराने सांगतो. आईसाहेब बरोबर आहेत. काळ्या मसाल्यात पडतं ते दगडफूल पानासारखं असतं, वरून राखाडी, खालून काळं कुळकुळीत. कोरडं हुंगलं तर मातीसारखा वास. तेलात टाकलं की मग त्याचा खरा वास सुटतो, आणि तो नसेल तर काळा मसाला नुसता तिखटजाळ लागतो. आमच्याकडे कन्नड गिऱ्हाईक 'कल्लुहूवु' मागतं, तेलुगू गिऱ्हाईक 'राति पुव्वु'. तिन्ही भाषांत दगडाचं फूलच.

पण ह्या फोटोतला माल कुठल्याच गोणीत बघितला नाही.

हिवाळा | 15 जुलै, सकाळी 7:20

हा प्रकार मी लडाख, स्पिती, रूपकुंडच्या वाटेवर सगळीकडे बघितलाय. दगडाचाच रंग समजत होतो. वाचतोय.

शैवाकी | 15 जुलै, दुपारी 1:35

माळढोकदादा, टवक्याबद्दल नंतर बोलते. आधी उत्तर.

फोटो 1 बहुधा ऱ्हायझोकार्पॉन जिऑग्राफिकम. जगभर त्याला नकाशा-शैवाक म्हणूनच ओळखतात, शास्त्रीय नावातही 'भूगोल' आहेच. म्हणजे तुमची भूगोलाची वही बरोबर निघाली. ही जात दुर्मीळ नाही. उंच डोंगर आणि ध्रुवाकडचे थंड प्रदेश, जिथे कठीण सिलिकायुक्त खडक उघडा पडलाय तिथे ती असते. चुनखडकावर मात्र सापडत नाही.

शैवाक म्हणजे एक वनस्पती नव्हे. बुरशी आणि शैवाल यांचा संसार आहे. बुरशी घर बांधते, पाणी-क्षार धरून ठेवते, शैवाल आत बसून उन्हावर साखर बनवतं. मसाल्यातलं दगडफूलही शैवाकच, फक्त त्याची घडण पानासारखी. दाढीसारखी लोंबणारी, झुडपासारखी जात वेगळी. आणि तुमच्या फोटोतली तिसरी, खपलीसारखी. हिला खालची बाजूच नसते. बुरशीचे धागे थेट खडकाच्या कणांत शिरलेले असतात, म्हणून नखाने निघत नाही. दगड फोडल्याशिवाय ती काढताच येत नाही.

फोटो मोठा करून बघा. पिवळा भाग सलग नाही, बारीक बारीक तुकड्यांत भेगाळलाय. मे महिन्यात हिप्परगा तलावाचा तळ उघडा पडतो तेव्हा चिखल कसा तडकतो, हुबेहूब तसा. पिवळा रंग ऱ्हायझोकार्पिक आम्लाचा. मधले काळे ठिपके म्हणजे बुरशीची फळं, त्यांतून बीजाणू सुटतात. आणि तुम्हाला जी सीमारेषा वाटली ती काळी किनार म्हणजे नुसती बुरशी, जिथे अजून शैवाल पोचलेलं नाही. दोन शेजारी भिडतात तिथे दोघांच्या किनारी एकमेकींना टेकून थांबतात, म्हणून नकाशा दिसतो.

का_बे | 15 जुलै, दुपारी 2:10

म्हणजे बुरशी कारखानदार आणि शैवाल मागावरचा कामगार. शेड मालकाची, राबायचं ह्यानं, आणि साखर कुणाची? मालकाची!

शैवाकी | 15 जुलै, दुपारी 2:40

हसू नका, हा वाद खरंच दीडशे वर्षं चालू आहे. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ श्वेंडेनर यांनी 1867 मध्ये पहिल्यांदा मांडलं की हे दोन वेगळे जीव आहेत, आणि त्यांनी बुरशीला मालक, शैवालाला गुलाम म्हटलं होतं. तेव्हाचे मोठमोठे शैवाक-तज्ज्ञ त्यांच्यावर तुटून पडले. आपण आयुष्यभर ज्याचा अभ्यास केला तो जीव 'एक' नाहीच, हे कुणाला रुचेल? नंतर 'सहजीवन' हा सौम्य शब्द रुळला. पण नाव आजही मालकाच्याच नावावर लागतं. शैवाकाचं शास्त्रीय नाव म्हणजे त्यातल्या बुरशीचं नाव.

आणि 2016 मध्ये टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बऱ्याच शैवाकांच्या सालीत एक तिसरा गडीही असतो, यीस्टसारखी दुसरी बुरशी. त्यामुळे 'संसार' हा शब्द मी परत घेते, एकत्र कुटुंब म्हणा.

पाटीपेन्सिल | 15 जुलै, सायंकाळी 6:05

मुलांना शिकवताना मी फळ्यावर 'शैवाल' लिहायचो, शेवटचा 'ल' पुसून तिथे 'क' काढायचो, आणि म्हणायचो हा क कवकातला, म्हणजे बुरशीतला. शब्दातच दोघं नांदतात. 31 वर्षांत एवढी एकच युक्ती कुणी विसरलं नाही. बाकी सगळं विसरले.

हिवाळा | 15 जुलै, सायंकाळी 6:30

फोटो 2 चं काय? माळढोकचा खरा प्रश्न तोच होता.

शैवाकी | 15 जुलै, रात्री 9:50

फोटो 2 मुळेच मी दुपारी डबा अर्धवट सोडला होता.

गंजाच्या रंगाच्या खपलीवाले डोंगरातले दोन उमेदवार माझ्या डोळ्यांपुढे येतात. ट्रेमोलेशिया अट्राटा: पातळ, तांबूस, त्यात रुतून बसलेले काळे ठिपके. आणि ॲकारोस्पोरा सायनोपिका: जाडसर, तुकडे उठावदार. दोघांनाही लोहाचं प्रमाण जास्त असलेला खडक मानवतो. ॲकारोस्पोराचा गंजका रंग लोहाचाच असतो, युरोपात ती जुन्या खाणींच्या राडारोड्यावरही सापडते. म्हणजे तुमचा गंजलेला पत्रा अगदीच चुकला नाही.

पण फोटोवरून मी नाव लावणार नाही. खपलीच्या शैवाकांत नाव ठरतं ते आतल्या मालावर. ठिपका ब्लेडने उभा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, बीजाणूंचा आकार, रंग, त्यात किती कप्पे ते बघायचं. मग रसायनं: कॉस्टिक पोटॅशचा थेंब, ब्लीचचा थेंब, आयोडिन. रंग बदलला की एक नाव गळतं, नाही बदलला की दुसरं. नुसत्या ऱ्हायझोकार्पॉन ह्या एका प्रजातीत दोनशेच्या आसपास जाती आहेत, त्यांतल्या कित्येक पिवळ्या आणि कित्येक डोळ्याला सारख्याच.

'दुर्मीळ' ह्या शब्दाची गंमतही इथेच आहे. माळढोक पक्षी दुर्मीळ हे नान्नजच्या पोरालाही माहीत, कारण पक्षी दिसतो आणि मोजता येतो. खपलीचं तसं नाही. ती दगडावर डाग म्हणून असते, आणि हजारात एखादाच तिच्यापाशी भिंग घेऊन गुडघे टेकतो. एखादी जात जगात दोन-तीन ठिकाणांहूनच नोंदलेली असते तेव्हा ती खरोखर तिथेच आहे, की तिथेच कुणीतरी वाकून बघितलं, हे सांगणं फार अवघड.

माळढोक | 15 जुलै, रात्री 10:15

ताई, माझ्या नावाचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं 😄

मग खरोखरची दुर्मीळ कशामुळे होते?

शैवाकी | 16 जुलै, दुपारी 1:20

बहुतेक वेळा हट्टीपणामुळे. अमुकच खडक हवा, त्याला अमुकच कलता उतार, पाणी झिरपणारं पण साचणारं नाही, बर्फ अमुक महिने. ती जागा गेली की दुसरीकडे जाऊन बसणं त्यांना जमत नाही. बुरशीचा बीजाणू वाऱ्याने गेला तरी तिथे योग्य शैवाल भेटायला हवं. विवाह जुळणं दोन्ही बाजूंनी असतं.

एक उदाहरण देते. हे खपलीचं नाही, बारीक खवल्यांचं आहे, पण गोष्ट तीच. अमेरिकेच्या दक्षिण ॲपलाचियन डोंगरांत 'रॉक नोम' नावाचं शैवाक ओल्या कड्यांवर वाढतं, जगात इतरत्र कुठेच नाही. 1995 मध्ये त्याला तिथल्या कायद्याने संकटग्रस्त ठरवलं. का संकटात आलं? गिर्यारोहकांचे हात-पाय, नमुने गोळा करणारे हौशी लोक, आणि एक किडा. तो किडा परदेशातून आला, त्याने वरची फर झाडं मारली, सावली गेली, कडे वाळले. झाडावरच्या किड्याने दगडावरचं शैवाक मारलं.

उलटी गोष्टही आहे. लेकॅनोरा कोनिझिऑइडिस नावाची करडी-हिरवी खपली इंग्लंडच्या धुरकट शहरांत झाडांच्या खोडांवर माजली होती, कारण कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड बाकीच्यांना सोसेना आणि हिला सोसला. हवा सुधारली तशी ती मागे हटली. आता तिथे ती शोधावी लागते.

आता टवका. दादा, अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर परवानगीशिवाय पानही उचलायचं नसतं. तसं नसलं तरी तुमचा नखाएवढा तुकडा वाढायला किती वर्षं लागली असतील, अंदाज करा बरं.

का_बे | 16 जुलै, दुपारी 1:31

दोन पावसाळे?

मिरी_लवंग | 16 जुलै, दुपारी 1:44

दहा वर्षं.

शैवाकी | 16 जुलै, दुपारी 2:05

ही खपली वर्षाला मिलिमीटरभरही सरकत नाही. बरी जागा असेल तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, थंड-कोरड्या जागी त्याच्याही कितीतरी खाली. तुमचं नख सेंटिमीटरभर धरलं तर वीस वर्षं हा अगदी उदार हिशेब झाला. शंभरही असतील. आर्क्टिकमधल्या मोठ्या वर्तुळांची वयं काही हजार वर्षांत काढली गेली आहेत.

माळढोक | 16 जुलै, दुपारी 2:30

कागदाची पुडी समोर टेबलावर आहे. तिच्याकडे बघवेना झालंय.

पाटीपेन्सिल | 16 जुलै, सायंकाळी 5:40

माळढोकराव, मन खाऊ देऊ नका, पुन्हा करू नका म्हणजे झालं. ती वाढीची गती मंद आहे म्हणूनच तिचा एक फार सुंदर उपयोग झालाय.

रोलंड बेशेल नावाचे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ. त्यांनी 1950 मध्ये ही पद्धत मांडली. हिमनदी मागे सरकते तेव्हा दगडगोट्यांचे ढिगारे मागे टाकून जाते. बर्फाखालून निघालेला दगड कोरा असतो. त्यावर शैवाक बसतं आणि ठरलेल्या चालीने गोल गोल वाढतं. मग ढिगाऱ्यावरचं सर्वांत मोठं वर्तुळ शोधा, व्यास मोजा, आणि हिमनदीने ती जागा कधी सोडली ते काढा. आपल्याकडे केदारनाथच्या वरच्या चोराबारी हिमनदीवर हे काम झालंय. ह्या कामातला सगळ्यांत लाडका गडी म्हणजे हाच पिवळा नकाशा.

पण वर्षाला किती वाढतं हे आधी कळायला हवं ना? त्यासाठी तारीख ठाऊक असलेला दगड लागतो. युरोपातल्या लोकांनी कबरस्तानं गाठली. थडग्यावर साल कोरलेलं असतंच. इतक्या सालच्या दगडावर इतका व्यास, झाला आलेख.

हिवाळा | 16 जुलै, सायंकाळी 6:15

ही पद्धत ऐकायला छान वाटते, पण त्यात गोम आहे. दगड कोरल्यावर शैवाक दुसऱ्या दिवशी थोडंच बसतं? आणि दोन वर्तुळं एकमेकांत मिसळून एक झाली तर? शिवाय सावलीतलं आणि उन्हातलं सारखं वाढणार नाही.

पाटीपेन्सिल | 16 जुलै, सायंकाळी 6:50

तिन्ही आक्षेप रास्त. म्हणूनच मिसळलेली वर्तुळं सोडतात, गोल आणि एकटी तेवढीच घेतात. आणि सुरुवातीची काही वर्षं दगड कोराच राहतो, मग बरी गती येते, मग पुन्हा मंदावते. एका जागेचा आलेख दुसऱ्या जागी चालत नाही. एवढं सांभाळलं तरच उत्तर हाती येतं, आणि तेही आकड्याला अलीकडे-पलीकडे सोडूनच.

का_बे | 16 जुलै, रात्री 8:00

ताई, सोलापुरात हा नकाशा का नाही? आमच्या उन्हात करपतो का?

शैवाकी | 16 जुलै, रात्री 9:30

करपणं हे पटकन सुचणारं उत्तर आहे, पण तेवढं खरं नाही. वाळलेलं शैवाक जवळपास काहीही सोसतं. वाळलं की त्याचं काम बंद पडतं आणि ते नुसतं थांबून राहतं. दव पडलं, पाऊस आला, की काही मिनिटांत पुन्हा सुरू.

सोसण्याची हद्द सांगते. 2005 मध्ये फोटॉन-एम2 ह्या रशियन उपग्रहावर युरोपियन अवकाश संस्थेची एक पेटी गेली होती. तिचं झाकण अंतराळात उघडलं. आत दोन शैवाकं, एक भगवं झँथोरिया आणि दुसरा हाच पिवळा नकाशा. पंधराएक दिवस निर्वात, अतिनील किरणं, थंडी, सगळं उघड्यावर. परत आणून पाणी दिलं, तर दिवसाभरात पहिल्यासारखं अन्न बनवायला लागलं.

का_बे | 16 जुलै, रात्री 9:36

फेकायची पण हद्द असते ताई.

शैवाकी | 16 जुलै, रात्री 9:48

फेकत नाही, शोधून बघा.

आता सोलापूर. खरी अडचण ओल्या गरम रात्रीची. रात्री ऊन नसतं, शैवाल साखर बनवू शकत नाही. पण शैवाक ओलं असेल तर श्वास चालूच, आणि उकाडा असेल तर श्वास जोरात, म्हणजे दिवसा कमावलेलं रात्री उडवलं. थंड डोंगरात रात्रीचा खर्च कमी. आमच्या लाडक्या नकाशाला ती थंडी लागते.

सोलापूरचे दगड म्हणून ओसाड नाहीत. आपला काळा पत्थर म्हणजे दख्खनचा बसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यावर पेल्टुला असतं, तपकिरी-शेवाळी रंगाचं, कोरडं असताना मेल्यासारखं दिसतं. त्याच्यात हिरव्या शैवालाच्या जागी नील-हरित जिवाणू असतात. कॅलोप्लाका असतं, केशरी-पिवळं. हे तर जुन्या विटांवर, चुन्याच्या गिलाव्यावरही येतं. आणि बाभळी-लिंबाच्या खोडावरचे ते करडे गोल डाग, ज्यांना सगळे 'झाडाला रोग पडलाय' म्हणतात, तेही बहुतेक शैवाकच. झाडाचं काही खात नाहीत. चुना फासायची गरज नाही.

अवांतर: महाराष्ट्रात ह्या विषयाचं मोठं काम पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत झालंय. पी. जी. पटवर्धन, उर्मिला मखिजा ह्यांनी सह्याद्रीतली कितीतरी शैवाकं, त्यांतही खपलीवाली, गोळा करून नावं लावली. भारतात हा विषय उभा केला तो लखनौच्या डी. डी. अवस्थींनी.

वीरगळ | 17 जुलै, सकाळी 8:25

माझी तक्रार इथेच मांडतो. मी जिल्ह्यातली जुनी देवळं, वीरगळ बघत हिंडतो. हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेच्या संगमावर शके 940 चा, म्हणजे इ.स. 1018 चा मराठी लेख आहे, तो बघून आल्यापासून हा नाद. अक्षरांवर पांढऱ्या-करड्या खपल्या चढलेल्या असतात, वाचता येत नाही. मागच्या वर्षी एका गावात (नाव नको) जीर्णोद्धारवाल्या तरुणांनी तारेच्या ब्रशने आणि संडास धुवायच्या ॲसिडने तीन वीरगळ 'स्वच्छ' केले. वरून ऑइलपेंट. घोड्यावरचा वीर आता भगवा आहे, घोडा चंदेरी. शैवाक काढणं चूक की रंग लावणं चूक, एवढं सांगा.

शैवाकी | 17 जुलै, दुपारी 1:15

वाचूनच पोटात कालवलं.

दोन्ही चूक, आणि पहिली जास्त वाईट, कारण रंग एखाद्या दिवशी जाणकार माणूस उतरवू शकेल. बुरशीचे धागे दगडात काही मिलिमीटरपर्यंत शिरतात. तारेचा ब्रश मारला की शैवाकाबरोबर दगडाचे कणही निघतात, म्हणजे अक्षरांच्या कडाच जातात. ॲसिड तर उरलेलंही खातं.

शैवाक निरुपद्रवी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. ती ऑक्झॅलिक आम्ल सोडतात, ओली-कोरडी होताना फुगतात-आक्रसतात, दगड हळूहळू सुटतो. काही ठिकाणी उलट, खपलीचा थर पावसाचा मारा अडवतो. कुठे कोणतं चाललंय हे दगड बघूनच ठरतं, आणि ते ठरवायचं काम पुरातत्त्ववाल्यांचं. तोवर लेख वाचायचा असेल तर संध्याकाळी बाजूने तिरपा टॉर्च मारा. खपलीखालच्या अक्षराची सावली पडते.

वीरगळ | 17 जुलै, दुपारी 1:40

टॉर्चची युक्ती मान्य. पण गावकऱ्यांना काय सांगू? त्यांच्या लेखी तो डाग आहे.

मिरी_लवंग | 17 जुलै, दुपारी 2:20

सांगा, दगडफुलाचा भाऊ आहे. मसाल्याच्या नात्याने तरी ऐकतील.

हिवाळा | 17 जुलै, सायंकाळी 7:10

मी ट्रेक लीडर म्हणून मुलांना घेऊन जातो. खडकावर नावं कोरणं, बाणाच्या खुणा रंगवणं, सगळं बघितलंय, ओरडलोही आहे. पण आपण सगळे त्याच खडकाला टेकतो, त्यावरच बूट घासतो, ह्याचा विचार कधी केला नव्हता. ताई, दगडावर पायच ठेवायचा नाही का मग?

शैवाकी | 17 जुलै, रात्री 9:05

ठेवा की! नकाशा लाखो दगडांवर आहे, टेकून बसा, डबा खा. फक्त एकाच दगडावर काही वेगळं दिसलं, माळढोकदादांच्या गंजक्या खपलीसारखं, तर फोटो काढा: एक लांबून, एक जवळून, शेजारी नाणं ठेवून. जागा, उंची, दगड कोणत्या दिशेला तोंड करून आहे, हे लिहून ठेवा. नमुना काढायचाच झाला तर तो परवानगीवाला माणूस काढेल. तो छिन्नीने पातळ चकती उडवतो, कागदाच्या पाकिटात ठेवतो, आणि उरलेलं तिथेच सोडतो.

माळढोक | 26 ऑक्टोबर, रात्री 9:20

धागा वर आणतोय, कारण दिवाळीला गावी गेलो होतो आणि डोक्यात पाटीपेन्सिल सरांचे थडग्यावरचे आकडे होते.

आमच्याकडे थडगी नाहीत, पण विहीर आहे. आजोबांनी बांधलेली, घडीव काळ्या दगडाची. काठावरच्या दगडात 'सन 1961' कोरलंय. आजवर त्या दगडावर बसून दात घासले, कधी बघितलं नाही. त्याच दगडावर करड्या-पांढऱ्या खपलीची वर्तुळं आहेत. मिसळलेली सोडली, एकटं आणि गोल असलेलं सर्वांत मोठं धरलं. आईच्या शिवणाच्या टेपने मोजलं: 47 मिलिमीटर. 64 वर्षांनी भागलं तर वर्षाला 0.73 आलं.

सर, पास का?

पाटीपेन्सिल | 26 ऑक्टोबर, रात्री 9:55

अर्धे गुण. दगड 61 साली कोरला, पण खपली 61 साली बसली हे कुणी सांगितलं? 70 ला बसली असेल तर 55 वर्षांत 47, म्हणजे वर्षाला 0.85. तेव्हा 'सरासरी 0.73 किंवा त्याहून जास्त' असं लिहा. शिवाय हा व्यास आहे. कड पुढे सरकते ती त्याच्या निम्मी. आणि दगड विहिरीत बसवण्याआधीच कुठे माळावर पडून खपलीसकट आला नसेल ना? घडीव आहे, म्हणजे तोंड नवं तासलेलं, तेवढी शंका फिटली.

शैवाकी | 26 ऑक्टोबर, रात्री 10:20

फोटो सुंदर. जात मी सांगणार नाही, कारण तुम्हाला आता ठाऊक आहे का ते. हिमालयातल्या नकाशाशी ह्या आकड्याची तुलना करू नका, हा वेगळा गडी, वेगळं हवामान. पण दरवर्षी त्याच दिवशी, त्याच टेपने, त्याच वर्तुळाचा फोटो काढलात तर हा आकडा कुणाकडूनही उसना घ्यावा लागणार नाही. टेपचा शून्याचा भाग झिजलेला असतो, दहापासून मोजा.

आणि पुडीचं काय केलंत?

माळढोक | 26 ऑक्टोबर, रात्री 10:31

पुडी आहे. वर तारीख, जागा, उंची लिहून ठेवलीय. कुणी विचारलं तर चोरीचा माल म्हणून दाखवतो.

माळढोक | 17 जानेवारी 2026, रात्री 10:05

गड्डा जत्रेच्या गर्दीतून आत्ता घरी आलो. एक बातमी. चुलत्यांच्या मुलीचं लग्न फेब्रुवारीत शेतातच आहे, त्यामुळे वाड्यापासून विहिरीपर्यंत सगळ्याला चुना मारायचं काम चालू होतं. संक्रांतीला गेलो तर गडी बादली घेऊन '1961' च्या दगडापाशी पोचलेला. ओरडतच पळालो. आता आख्खी विहीर पांढरीशुभ्र आणि मधे परातीएवढा एक काळा दगड.

का_बे | 17 जानेवारी, रात्री 10:12

चुलते काय म्हणाले बे?

माळढोक | 17 जानेवारी, रात्री 10:20

"हा डाग कशाला वाचवायलास?" म्हणून विचारलं. बुरशी-शैवालाचा संसार सांगायला लागलो तर त्यांचं लक्ष मांडववाल्याकडे. मग म्हणालो, "नाना, मोजणी चालू आहे ह्या दगडाची, नकाशा निघणार आहे." मोजणी म्हटल्यावर हात मागे घेतला त्यांनी. वर गड्याला बजावलं, सरकारी काम आहे, शिवू नको.